नदीपलीकडे जाणारी गाडी

माईकबाईंना एका जागी बसवायचं तर खुर्चीला बांधून घालावं लागेल, असं त्यांचा नवरा म्हणायचा, आणि बांधलंच तर त्या खुर्चीसकट हिंडतील, अशी वर पुस्तीही जोडायचा. नवरा न्हावी. दिवसभर एकाच खुर्चीभोवती फिरणारा, शांत, गमत्या माणूस. बायकोच्या पायाला मात्र भिंगरी. चहाचा कप हातात घेऊन निघायच्या, दोन घोट प्यायच्या, कुठल्यातरी खिडकीच्या कठड्यावर ठेवायच्या आणि विसरायच्या. बसस्थानकात असे अर्धे प्यालेले कप जिथेतिथे सापडत. ज्याला सापडे तो ओळखायचा, बाई इथून नुकत्याच गेल्या.

नोकरी मात्र एका जागेची. गाड्या पुकारण्याच्या केबिनमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. केबिन कसली, काचेचा डबाच तो. समोर माईक, माईकच्या बुडाशी लाल बटण, बटण दाबलं की बाहेरच्या कर्ण्यांतून आधी ‘टिंग टाँग’ आणि मग बाईंचा आवाज. घरीसुद्धा दूध उतू गेलं की त्या त्याच आवाजात सांगत. नवरा विचारायचा, “कुठल्या फलाटावर?”

मग लढाई सुरू झाली, नदीच्या पलीकडे. कोण कुणाशी का लढत होतं हे रंगवून सांगणारे पैशाला पासरी मिळतील, त्या फंदात इथे पडायला नको. गाड्या बंद झाल्या आणि पूल ओलांडून माणसं आली. पायी, हातगाड्यांवर, एकमेकांच्या खांद्यावर. एवढ्यांना ठेवायचं कुठे? डोक्यावर छप्पर, नळाला पाणी आणि रांगेने संडास असलेली जागा शहरात एकच होती, बसस्थानक. फलाट म्हणजे घर झालं आणि दोन पिवळ्या पट्ट्यांमधली जागा म्हणजे खोली. आरक्षणाच्या खिडकीतून औषधं मिळू लागली. वाहकांच्या विश्रांतीच्या खोलीत बाळंतिणी झोपल्या.

मदतकार्यासाठी वरून एक साहेब आले होते. तरुण, चष्मा घामाने सारखा नाकावरून घसरणारा, फोन कानाला चिकटलेला. माणूस प्रामाणिक होता, पण पहिल्याच दिवशी त्यांचा ब्लँकेटांचा ट्रक आला आणि जी झुंबड उडाली तिला तोड नव्हती. एका बाईचा हात मोडला. साहेब ट्रकच्या टपावर उभं राहून ओरडत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. माईकबाई गर्दीत चेंगरता चेंगरता वाचल्या, तशाच केबिनकडे पळाल्या, कुलूप काढलं आणि कुणालाही न विचारता बटण दाबलं.

“टिंग टाँग. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ब्लँकेट सर्वांना पुरणार आहेत. फलाट एकवरील प्रवाशांनी आधी यावे. बाकीच्यांनी आपापल्या जागी थांबावे.”

आणि माणसं थांबली. अगदी ढकलाढकलीत वर गेलेले हात खाली आले. नदीपलीकडची झाली तरी ही माणसं याच स्थानकातून बाजाराला आली होती, याच स्थानकावर त्यांनी लेकीबाळींना निरोप दिले होते. हा आवाज म्हणाला गाडी लागली, की गाडी लागलेलीच असायची. एवढ्या उलथापालथीत न बदललेली तेवढी एकच गोष्ट उरली होती.

त्या दिवसापासून साहेबांनी सामान आणायचं आणि बाईंनी ते माणसांपर्यंत पोचवायचं, असं आपोआप ठरून गेलं. आता तर बाई नुसत्या पळत सुटल्या. कुठला फलाट कधी पाण्यावर जाणार, कुणाच्या बाळाला ताप आहे, ताडपत्री कुठे गळते, सगळं आधी स्वतः बघून यायचं आणि मग बटण दाबायचं. न बघता एक शब्द बोलायचा नाही. एका दात्याने पेट्या भरभरून गळ्यातले टाय पाठवले. साहेबांनी कपाळावर हात मारला. बाईंनी माईकवर सांगितलं, “फलाट पाचवर बांधायला उत्तम पट्ट्या आल्या आहेत, गरजूंनी न्याव्यात.” संध्याकाळी साऱ्या ताडपत्र्या रेशमी टायने खांबांना बांधलेल्या होत्या. नवऱ्याने फलाट एकवर खुर्ची मांडून फुकट केस कापायला सुरुवात केली होती. तो म्हणाला, “आता स्थानक ऑफिसला जायला तयार झालं.”

हसू आलं तरी ते टिकायचं नाही. कारण सगळ्यांचे डोळे पुलाकडे. फलाट चारच्या मागच्या कठड्यावरून पूल दिसायचा आणि तिथे सदानकदा माणसं उभी असायची. इथे आली तेव्हा ‘चार दिवसांत परत जाल’ असं साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनाही वरून तसंच सांगण्यात आलं होतं. चार दिवस केव्हाच मागे पडले. आता साहेब सांगत होते, डोंगरापलीकडे बंद पडलेली गिरणी आहे, पक्क्या खोल्या आहेत, दवाखाना आहे, तिकडे चला. कुणी जागचं हलेना. डोंगराकडे तोंड केलं की नदी पाठीमागे जाते, हा त्यांचा साधा हिशेब. फलाट चारवर एक आजी होत्या. त्यांनी तर आपलं गाठोडं आल्यापासून सोडलंच नव्हतं. रात्री त्याला टेकून झोपायच्या, सकाळी त्याच्यावर बसायच्या.

चूक झाली ती अशाच एका दुपारी. पलीकडे अडकलेल्या आजाऱ्यांसाठी औषधांचा एक ट्रक सोडायला परवानगी मिळाली होती, तीही तासाभरापुरती. बरोबर जाणाऱ्या नर्स गर्दीत कुठे पांगल्या होत्या. चालक धापा टाकत केबिनपाशी आला. “बाई, नर्सना चार नंबरवर बोलवा, लवकर!” बाई पहाटेपासून पायावर होत्या. डोक्यात टँकर, तापाचं बाळ आणि नर्स यांचा नुसता काला झालेला. बटण दाबलं आणि जीभ आपल्या जुन्या वाटेने सुटली.

“टिंग टाँग. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नदीपलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.”

बटणावरून बोट सुटायच्या आत त्यांना कळलं आपण काय बोललो. पण तोवर काचेबाहेर अख्खं स्थानक उभं राहिलं होतं. चुलीवरची भांडी तशीच, वाळत घातलेले कपडे ओले तसेच ओढलेले, पोरं काखेत. कुणी भांडत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. सगळे घाईघाईने, हसत, एकमेकांना हाका मारत चार नंबरकडे चालले होते. इतकी माणसं एकदम हसताना बाईंनी त्या स्थानकात पाहिली नव्हती.

त्या धावत बाहेर आल्या. एकेका घोळक्यापुढे हात जोडत सुटल्या. “चुकलं हो. औषधांची गाडी आहे. तुमची नाही. माझी जीभ घसरली.” आजी ट्रकमध्ये चढून औषधांच्या खोक्यांवर बसल्यासुद्धा होत्या, गाठोडं मांडीवर.

“उतरा आजी.”

“तू म्हणालीस लागली म्हणून.”

“चुकून म्हणाले.”

आजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “मुद्दाम नाही ना केलंस?”

“नाही हो. गळ्याची शपथ.”

“मग जाऊ दे. तूही माणूसच आहेस, पोरी,” असं म्हणून आजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरल्या. बाकीचेही हळूहळू आपापल्या पट्ट्यांमध्ये परतले. बाईंना मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. त्या रात्री जेवणच गेलं नाही. नवऱ्याने चिडवायचं टाळलं, यावरूनच समजावं.

साहेबांनी सगळं पाहिलं होतं.  काही दिवसांनी भर दुपारी ते केबिनमध्ये आले आणि दार लोटून घेतलं. चेहरा पांढराफटक.

“बाई, लढाई पुलापर्यंत आलीय. संध्याकाळपर्यंत इथे तोफांचे गोळे पडतील. बसगाड्या मिळवल्यात मी, बाहेर उभ्या आहेत. सगळ्यांना गिरणीत न्यायचंय. आत्ता.”

“मग सांगा ना त्यांना.”

“सकाळपासून फलाटाफलाटावर हात जोडतोय. म्हणतात, तुम्ही चार दिवस म्हणाला होतात. माझ्या शब्दाला इथे काडीची किंमत नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. “तुमच्या आहे. त्या दिवशी चुकून बोललात तसं एकदा बोला.”

बाईंना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्या ताडकन उठल्या. “दुसरं काहीही सांगा. झाडू मारीन. हे नाही.” मग म्हणाल्या, “आधी मी खरं सांगून बघते.”

त्यांनी खरं सांगितलं. तोफा येत आहेत, गाड्या गिरणीकडे जाणार आहेत, कृपया बसून घ्यावे. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज कापला. थोडी कुटुंबं उठली, बायका लहान मुलांना घेऊन गाड्यांकडे गेल्या. बाकीचे जागचे हलले नाहीत. आजी कठड्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, “मरायचं तर पूल दिसतो तिथे मरू.”

तेवढ्यात नदीकडून पहिला धमाका झाला. केबिनच्या काचा थरथरल्या. बाई नवऱ्याकडे पळाल्या. त्याच्या खुर्चीत कुणीतरी अर्धी दाढी करून बसलं होतं.

“अहो, काय करू?”

नवऱ्याने वस्तरा खाली ठेवला. “मला विचारू नकोस. हो म्हटलं तर तू जन्मभर मला बोल लावशील. नाही म्हटलं तर मी स्वतःला लावीन.”

म्हणजे शेवटी ज्याचं त्याने ठरवायचं. बाई केबिनकडे परतल्या ते अंतर त्यांना संपता संपेना. येता येता दोन्ही बाजूंनी लोक त्यांच्याकडे बघत होते, काही खबर आहे का म्हणून. आत जाऊन त्यांनी घसा साफ केला आणि बटण दाबलं. आवाज अगदी रोजचा होता, स्वच्छ, गोड. त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

“टिंग टाँग. नदीपलीकडे जाणाऱ्या गाड्या लागल्या आहेत. प्रवाशांनी बसून घ्यावे.”

धमाके होत असताना पलीकडे गाडी कशी जाईल, असा प्रश्न कुणाला पडायला हवा होता. काहींना पडलाही असेल. पण आवाज म्हणाला लागली, म्हणजे लागलीच असणार. बघता बघता स्थानक रिकामं झालं.

साहेब म्हणाले, तुम्ही शेवटच्या गाडीने या. बाईंनी ऐकलं नाही. पहिल्या गाडीत जाऊन बसल्या, आणि शेजारी नेमक्या आजी. आजींचा आनंद गगनात मावत नव्हता. “हे धर जरा,” म्हणून त्यांनी गाठोडं बाईंच्या मांडीवर दिलं, त्याची गाठ सोडली, आतून कंगवा काढला आणि विंचरायला बसल्या. “घरी जायचं तर अशा अवतारात कसं जायचं?”

स्थानकाबाहेर रस्ता फुटतो. डावीकडे पूल, उजवीकडे डोंगर. गाडी उजवीकडे वळली.

आधी कुणीतरी चालकाला ओरडून सांगितलं, वळण चुकलं. मग दोघातिघांनी सांगितलं. मग सगळी गाडी बाईंकडे वळून बघू लागली. त्या उठून उभ्या राहिल्या. माईक नव्हता. स्वतःच्या घशातून आवाज निघाला तो बारीक, चिरका, कुणालाही ओळखू न येणारा.

“वळण चुकलेलं नाही. मी खोटं बोलले. या वेळी मुद्दाम.”

शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. आजींनी कंगवा आत ठेवला, गाठोडं बाईंच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. 

संध्याकाळी गोळे पडले. फलाट चारचं छप्पर खाली आलं, कठडा नदीत गेला. ही बातमी गिरणीत सगळ्यांना कळली, आणि बाईंमुळे आपले प्राण वाचले हेही सगळ्यांना कळलं. त्यांना कुणी वाकडा शब्द बोललं नाही. बायका त्यांना बोलावून चहा देतात, तब्येत कशी आहे विचारतात. साहेबांनी गिरणीच्या धुराड्यावर कर्णा बसवून दिला आहे आणि बाई दिवसभर या खोलीतून त्या खोलीत पळत असतात, सगळं डोळ्यांनी बघून आल्याशिवाय अजूनही बटण दाबत नाहीत.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पाण्याचा टँकर फाटकाशी आला आहे.”

पण कुणी उठत नाही. भांडी हातात घेऊन सगळे दारात उभे राहतात आणि आधी एकजण जाऊन बघून येतो. बहुतेक वेळा आजीच जातात.

नवऱ्याने एकदा न राहवून विचारलं, “सगळी जिवंत आहेत ना?”

“आहेत.”

“मग झालं तर.”

“हो,” बाई म्हणाल्या. “झालं.”

त्यांची नजर फाटकाकडे होती. आजी हळूहळू चालत टँकरपाशी पोचल्या, ओल्या पत्र्यावर त्यांनी तळहात टेकवून पाहिला आणि मागे वळून हात वर केला. तेव्हा कुठे भांडी वाजायला लागली.