शेंदूर लावलेला दगड

अनगोळात आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. ‘रूल म्हंजे रूल, अण्णा,’ हे त्यांचं दर दोन वाक्यांनी. बेळगुंदीची रताळेवाली आक्का फुटपाथवर बसते म्हणून त्यांनी कार्पोरेशनला अर्ज दिला. स्वतःच्या पायऱ्यांनी मात्र निम्मा फुटपाथ गिळलाय. जेसीबी त्याही फोडणार कळल्यावर त्यांनी परसातला धुण्याचा दगड खालच्या पायरीवर मांडला, शेंदूर फासला, उदबत्ती लावली. कामगारांनी चपला काढून हात जोडले आणि आक्काची रताळ्यांची बुट्टी तेवढी उचलून नेली. दगड मी ओळखला होता, गप्प बसलो.

आता आक्का रस्त्याकडेला उन्हात बसते. ‘पयलं देवाला, मग गिऱ्हाइकाला,’ म्हणत रोज एक रताळं त्या दगडापुढं ठेवते. शेजारचे गृहस्थ ते उकडून खातात.