फांदीवरचं अर्धं संत्रं

संत्रं सोललं की अजून जपानमधल्या निशी-कसाईतलं ते परसदार आठवतं. घरमालकीण आजी रोज सकाळी अर्धं संत्रं फांदीला खोचायच्या आणि इवले हिरवे मेजिरो पक्षी त्यावर तुटून पडायचे. नववीतून शाळा सोडलेल्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या मला जामीन न मागता खोली देणाऱ्या त्या एकट्याच.

मोठा भूकंप झाला, समुद्र गावांत शिरला आणि त्यांची किनाऱ्यावरची बहीण सापडेना. "शोधून येते. तोवर पक्ष्यांना उपाशी ठेवू नकोस," म्हणाल्या.

मी रोज संत्रं खोचलं. दहाव्या दिवशी मात्र, आपल्याकडे ठेवतात तसा, त्या बहिणीच्या नावाने झाडाखाली भात ठेवला. कावळा लगेच शिवला. मेजिरो उडाले, पण मला वाटलं, चला, थोडे उपकार फिटले.

मागे आजी उभ्या होत्या, नुकत्याच परतलेल्या. "भात कशाला?"

मोडक्या जपानीत मी म्हणालो, "गेलेल्या माणसासाठी."

"ती गेली, असं कुणी सांगितलं तुला?"

त्यांनी भात वर्तमानपत्रात गुंडाळला आणि नवं संत्रं कापलं.

खोली सोड, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.