दोन रिकामे खिळे

माझे भावोजी चौथी पास, पण अख्खं बेट त्यांना हेडमास्तर म्हणतं. ते बोट चालवतात आणि हजेरी घेतल्याशिवाय बोट हलवत नाहीत, म्हणून हे नाव. त्यांना ते आवडायचं. कुणी तशी हाक मारली की मान जरा ताठ व्हायची. आता होत नाही.

आमचं बेट म्हणजे साठ-पासष्ट घरं, एक दुकान, एक शाळा आणि टोकाला जुनं दीपगृह. ते बघायला परदेशी पाहुणे येतात. सकाळच्या फेरीला येतात, चारच्या फेरीला जातात. पलीकडचा किनारा पस्तीस मिनिटांवर. बाजार, कोर्ट, दवाखाना, सगळं पलीकडे. मी धक्क्यावर तिकिटं फाडते आणि चहा विकते, त्यामुळे या मंडळींना मी चांगलं ओळखून आहे.

सगळेच वाईट नसतात. हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल बाई कडवट झालीय. झालेच आहे. पण दहातले चार तरी असे येतात, जणू बेट त्यांच्या बापाचं आणि आपण उगाच मध्ये कडमडलोय. एकीला माझ्या दाराचा फोटो हवा होता, माझ्याशिवाय. माशी हाकलावी तसं तिने मला हाताने बाजूला केलं, माझ्याच उंबऱ्यावरून! एकजण तर ताईच्या स्वयंपाकघरात बुटांसकट घुसला, पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला आणि नाक मुरडून चालता झाला. ताई हसत सुटली. "बरं झालं बाई, जेवायला नाही बसला," म्हणाली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, हेडमास्तरांची बायको. तिला राग यायचाच नाही. तिच्या वाट्याचाही मीच घेऊन जन्माला आले.

आता पाटीचं सांगते. बारा वर्षांपूर्वी भावोजी डोकी मोजून बोट सोडायचे. एका हिवाळ्यात डोकी बरोबर भरली आणि बोट निघाली. खरं तर एक मूल इकडून तिकडे पळत होतं, ते दोनदा मोजलं गेलं. एक म्हातारे पाहुणे दीपगृहामागे पाय मुरगळून पडले होते, ते राहिले. सकाळी सापडले ते थंडीने गारठून मेलेले. चौकशीत भावोजी सुटले. कुणी त्यांना बोल लावला नाही, पण त्यांच्या घशाखाली घास उतरेना. महिन्याभराने त्यांनी स्वतः रंधा मारून एक फळी तयार केली, तिला साठ खिळे ठोकले, लाकडाचे साठ गोल बिल्ले कापून त्यावर आकडे रंगवले. बेटावर उतरताना प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक बिल्ला, परत चढताना तो खिळ्यावर. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून बेटावर. आम्हा बेटावरच्यांना बिल्ला नाही, आम्हाला तोंडावरून ओळखतात. तेव्हापासून एकदाही चूक झाली नाही.

त्या दिवशी ताई सकाळपासून पित्त झालंय म्हणत होती. साडेतीनला घामाने निथळायला लागली, डावा हात जड पडला, जबडा दुखतोय म्हणाली. मी दवाखान्यात फोन लावला. "ताबडतोब आणा, धक्क्यावर अँब्युलन्स उभी ठेवतो," डॉक्टर म्हणाले. मासेमारीच्या होड्या सगळ्या बाहेर गेलेल्या. भावोजींची बोट तेवढी होती. आम्ही दोघांनी ताईला उचलून आणलं, बाकावर आडवं केलं. भावोजींनी कधी नव्हे तो भोंगा दहा मिनिटं आधी वाजवला.

पाहुणे आले, कुरकुरतच आले. अख्खा बाक अडवला म्हणून एका हिरव्या टोपीवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. चार वाजले. एक्केचाळीस बिल्ले दिले होते, एकोणचाळीस परत आले. सतरा आणि अठरा, दोन खिळे रिकामे.

"दोन राहिलेत," भावोजी म्हणाले.

पाहुण्यांबरोबर एक गाईड होता. त्याच्याकडून विचारून घेतलं, कुणाकडे बिल्ला राहिलाय का. तो त्यांच्या भाषेत दोनदा ओरडला. कुणी हूं की चूं केलं नाही. "माझे सगळे आलेत," तो म्हणाला. म्हणजे राहिलेले दोघं आपले आपण आलेल्यांपैकी असणार.

मी पाहुण्यांची डोकी मोजली. एक्केचाळीस भरली. पुन्हा मोजली तर चाळीस, कारण लोक सारखे वर-खाली करत होते.

"भावोजी, भरलेत सगळे. निघा."

"तेव्हाही भरले होते," ते म्हणाले.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दीपगृहाकडे धावत सुटला. एकशे चाळीस पायऱ्या. वरून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या आणि बोटीतले दोघं-तिघं त्यांचा व्हिडिओ काढत होते. टोपीवाला आणि त्याची बायको मला सारखं घड्याळ दाखवत होते. गाईड म्हणाला, "बस चुकेल म्हणतात. जेवणाचं टेबल राखून ठेवलंय. तक्रार करणार आहेत." मी म्हटलं, "त्यांना सांग, इथे माझी बहीण जायला टेकलीय." त्याने काय सांगितलं देव जाणे. टोपीवाल्याने ताईकडे एकदा पाहिलं आणि जरा लांब सरकून बसला.

"आले का गं ते दोघं?" ताई विचारत होती. "कुठे पडले-बिडले असतील बिचारे."

भावोजी धापा टाकत आले. "पाच मिनिटं अजून." मग मागच्या खडकांकडे गेले. परत आले, पुन्हा पाच मिनिटं. मी त्यांचे पाय धरले, खरोखर धरले. शिव्याही दिल्या, तोंडाला येतील त्या. बेटावरचे चार-पाचजण होते बोटीत, ते गप्प. बायको ज्याची तोच थांबतोय म्हटल्यावर बाकीचे काय बोलणार? शेवटी शाळेचा शिपाई खाली उतरला. "हेडमास्तर, मी मागे राहतो, मी शोधतो त्यांना. तुम्ही जा." एवढी साधी गोष्ट, पण चाळीस मिनिटं कुणाला सुचली नाही. मलाही नाही, आणि त्यासाठी मी स्वतःला जोड्याने मारावं.

बोट सुटली, पण ताई अर्ध्या वाटेतच गेली. माझा हात धरून होती, तो सुटला. भावोजी पुढे सुकाणू धरून होते, त्यांना पाठीमागचं दिसलं नाही. मी सांगितलंही नाही.

धक्क्यावर स्ट्रेचर आलं, तर पाहुण्यांना आधी उतरायचं होतं. बस ना त्यांची! आम्ही ताईला उचलताना टोपीवाला आमच्या अंगावरून वाकून पुढे झाला आणि स्ट्रेचरचा फोटो काढायला त्याने खिशातून मोबाइल ओढला. त्याबरोबर बिल्ला बाहेर पडला. सतरा नंबरचा. बायकोच्या पिशवीत अठरा.

मी त्याची कॉलर धरली आणि दोन ठेवून दिल्या. गाईड मध्ये पडला. "अहो, त्यांनी आठवण म्हणून ठेवला होता. तुम्ही परत मागाल म्हणून बोलले नाहीत. लाकडाच्या तुकड्यासाठी बोट थांबलीय हे त्यांना कसं कळणार?" मग खालच्या आवाजात, "किती द्यायचे, विचारतायत."

अर्ध्या तासापूर्वी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं त्यांनी गिळलं. टोपीवाल्याने तक्रार केलीच. मी हात उचलला म्हणून बोटीच्या कचेरीने माझ्याकडून लेखी माफी घेतली. लिहून दिली. चहाची टपरी त्यांच्याच जागेवर आहे, न देऊन सांगते कुणाला?

महिन्याभराने भावोजी पुन्हा बोटीवर गेले. दुपारचा त्यांचा डबा मी नेऊन देते. जाता जाता ताईने काही सांगितलं असतं तर हेच सांगितलं असतं. पण मी बोलत नव्हते त्यांच्याशी. टोपीवाल्याचा राग आहेच, तो माझ्याबरोबर सरणावर जाईल. पण तो कोण कुठला! त्याच्यापेक्षा भावोजींचा राग जास्त येतो. परवा शेवटी तोंडातून निघालंच.

"भावोजी, त्या बाकावर दुसऱ्या कुणाची बायको असती तर?"

"तर लगेच निघालो असतो," ते म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही त्यांना.

"मग?"

त्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "स्वतःच्या बायकोसाठी दोन माणसं टाकून गेला, असं कुणी म्हणायला नको होतं गं."

ते पाण्याकडे बघत बसले होते. मी डबा उघडला आणि त्यांना वाढलं.