आधी झाकण, मग कुंकू

महाडच्या कॉलेजात काशीरामकाका लॅब अटेंडंट. कापड्याहून पहिल्या एस्टीनं येणार आणि आल्या आल्या कपाटातली बीकरं बघणार. हात नाही हं लावायचा, नुसतं बघायचं! द्रावणातला स्फटिक मुंगीच्या पावलानं वाढतो, जरा धक्का लागला की बिघडतो. म्हणून सुट्टीच्या दिवशीही हा बाबा येऊन नजर टाकून जायचा. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

बारा वर्षांमागची गोष्ट. शिवथरची समीक्षा तेव्हा एमएस्सीला होती. तिचा स्फटिक तीन महिने वाढत होता. खंडेनवमीला काकांनी रीतीप्रमाणे लॅबमधल्या उपकरणांची पूजा केली, बीकरवरही चिमूटभर कुंकू वाहिलं. झाकण सरकलेलं होतं, ते काही दिसलं नाही. आठवड्यानं बघतात तर स्फटिकात गुलाबी पट्टा! समीक्षा हरखली, तिचे मार्गदर्शक सर हरखले. नवीन काहीतरी सापडलं म्हणून लेख लिहायला घेतला.

काकांना मात्र लगेच आपलं कुंकू आठवलं. नोकरीत कायम करायचा त्यांचा कागद त्याच महिन्यात सरांच्या सहीला गेला होता. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? चार दिवस रोज येऊन त्या गुलाबी पट्ट्याकडे बघत राहिले. पाचव्या दिवशी दोघांसमोर जाऊन उभे राहिले.

"सर, तो रंग कुंकवाचा हाय. माझ्या हातनं पडलं. छापू नका."

सर असे भडकले म्हणता! कागद वर्षभर अडकला. समीक्षा ढसाढसा रडली, मग डोळे पुसून पहिल्यापासून कामाला लागली. काकांनी मात्र त्यानंतर लॅबमध्ये कुंकू आणलं नाही. पूजेला नुसती झेंडूची फुलं.

यंदा एका मोठ्या विज्ञानसंस्थेनं घन-अवस्था विज्ञानातल्या, म्हणजे स्फटिकांवरच्याच कामगिरीचा पुरस्कार समीक्षाला दिला. पदक घेऊन ती खंडेनवमीलाच लॅबमध्ये हजर झाली. उपकरणांच्या रांगेत पदक ठेवलं आणि पर्समधून कुंकवाची पुडी काढली.

"काका, त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात, तर माझं पहिलंच काम खोटं ठरलं असतं. पुढं कोण विश्वास ठेवणार होतं माझ्यावर? लावा कुंकू."

"नको गो पोरी. एकदा सांडलंय माझ्या हातनं."

"लावा म्हणते ना!"

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी पुडी घेतली, ती तशीच मुठीत धरून कपाटापाशी गेले, एकेका बीकरचं झाकण नीट बसलंय ना ते पाहून आले, आणि मगच पदकाला कुंकू लावलं.