बाबांच्या जीपचं टायमिंग

आठवड्यातले सहा दिवस मी सातिवलीच्या कारखान्यात प्रेस मशीनच्या दणक्यात उभा असतो, आणि सातव्या दिवशी नालासोपाऱ्याच्या घरात लोळायचं सोडून भुईगावला बाबांच्या जीपपाशी उभा राहतो. किती वर्षं झाली ते आता मोजत नाही. जीप माझ्याहून वयानं मोठी आहे आणि माझ्याहून जास्त लाडाची.

तिचं दुखणं एकच, टायमिंग. म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी, ते. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून तो केसभर इकडेतिकडे फिरवला की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. उशिरा पडली तर गाडी रडत चालते, फार लवकर पडली तर आतून बारीक टकटक येते. बाकीचे लोक टायमिंगचा खास दिवा लावून इंजिनच्या चाकावरची खूण बघतात. बाबा कानानं करतात. मी समोर उभं राहून कार्बोरेटरची दांडी ओढत रेस द्यायची, बाबांनी डिस्ट्रिब्यूटर फिरवत जायचं, टकटक सुरू झाली की जरासं मागे घेऊन बोल्ट आवळायचा. त्यांच्या कानाचं गावात भारी कौतुक. आसपासच्या वाड्यांतले लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन यायचे.

या वर्षी मात्र काही केल्या जमेना. रविवारी टायमिंग लावायचं, मंगळवारी बाबांचा फोन, गाडी तापते. मला वाटलं, इंजिनच संपलं. खरं सांगायचं तर ते संपलेलं मला हवंच होतं. मी पार थकलो होतो. हात दांडी ओढायचा, मन घरी गादीवर पडलेलं असायचं. टकटक यायची का? येत असेल. दिवसभर प्रेसचे दणके ऐकणाऱ्याला टकटकीचं काय? आणि कान बाबांचा होता, माझा नव्हता.

मग एका रविवारी गाडी सुरू करायला बाबा पुढून हँडल मारत होते, तेव्हा इंजिननं उलटा झटका दिला आणि बाबांचं मनगट सुजलं. ठिणगी फारच लवकर पडत असली की असं होतं. मी भडकलो. “पुरे झालं, विकून टाकू,” म्हणालो. त्या जीपशिवाय बाबांना वाडीबाहेर पडायला दुसरं निमित्त उरलेलं नाही, हे मला कळत होतं, तरी म्हणालो. विरारचा एकजण पुढच्या रविवारी गाडी बघायला येणार असं ठरलं.

तो यायच्या आधी शेवटचं टायमिंग लावायला आम्ही बॉनेट उघडलं. उजव्या मनगटाला पट्टी, म्हणून बाबांनी डावा हात घातला. मी रेस दिली. ते फिरवत गेले, फिरवतच गेले. टकटक मला चांगली ऐकू येत होती. बाबा इंजिनकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

“बाबा, किती फिरवाल? ऐकू येत नाही का?” मी ओरडलो.

त्यांनी हात काढून घेतला. “नाय येत. तू बोलतो ते येते. ती बारीक टकटक नाय येत. तीन वर्सं झाली.”

“मग इतके दिवस टायमिंग कसं लावत होतात?”

“तुझ्या तोंडाकडं बघून. टकटक आली का तू तोंड वाकडं करतो, लहानपनापासनं. मी तितंच थांबायचो.” मग म्हणाले, “या साली तुझं तोंड काय बोलतच नाय. मी आपला वाट बघत फिरवत ऱ्हातो.”

माझ्या हातातून दांडी सुटली. मला भयंकर लाज वाटली. त्यांच्या सुजलेल्या मनगटाकडे बघवेना.

“परत लावू,” मी म्हणालो आणि रेस दिली. पहिली टकटक आली तसं मी तोंड इतकं वाकडं केलं की बाबा हसायलाच लागले. जरासं मागे घेऊन त्यांनी पाना माझ्या हातात दिला. बोल्ट मी आवळला.

विरारच्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. दर रविवारी अजून जातो. थकवा आहे तसाच आहे, पाय दुखतात, चिडचिड होते. फक्त बॉनेट उघडण्याआधी नळावर जाऊन तोंड धुऊन येतो.