तिसऱ्या गाण्यात आईचा आवाज

तिसरं गाणं सुरू झालं आणि स्पीकरमधून माझी आई बोलली.

"माजा कप कुटं ठेवू?"

मग ढोलाचा ठोका. मग परत तेच. "कुटं ठेवू, कुटं ठेवू, कु-कु-कुटं ठेवू." बीट पडला तशा खोलीतल्या सात-आठ माना एकदम हलायला लागल्या. पुण्याहून आलेली एक मुलगी हसता हसता खुर्चीत वाकली. कोणीतरी म्हणालं, "हे कुठून मिळवलंस, यार?" ज्याने हे गाणं बांधलं होतं त्या निनादने बोट करून दाखवलं. आईकडे. सगळ्यांनी वळून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या.

आई माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. मांडीवर बशी, बशीत केकचा तुकडा, अजून न खाल्लेला. तिने आपला आवाज ओळखला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग तीही हसली. मोठ्या लोकांत बसल्यावर कळलं नाही तरी हसायचं असतं, तसं हसली. पदर तोंडाशी नेला आणि गाणं संपेपर्यंत हसत राहिली.

मी काय केलं? मी मान हलवली. माझंच गाणं होतं ते. पुढे माझ्या ओळी येणार होत्या. आठ वर्षं ज्या दुपारची वाट बघितली ती ही दुपार होती, आणि मी ठेक्यावर मान हलवत बसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला थोर समजायला नको.

मी रॅप करते. सावर्ड्याजवळच्या एका गावातल्या बौद्धवाडीतली मी. बारावीनंतर सावर्ड्याच्या बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले. गिऱ्हाईक नसलं की कानात इयरफोन. इंग्रजी शब्द अर्धे कळायचे नाहीत, पण माणूस कळायचा. कुठे खरंच चिडलाय, कुठे नुसती फुशारकी मारतोय आणि आतून टरकलाय, ते बरोबर ऐकू यायचं. एकेक गाणं सगळेच ऐकतात. मी अख्खे अल्बम ऐकायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता. आणि वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहायचे. हा अल्बम का टिकला? तो दुसरा वर्षभरात का विसरला गेला?

भरभर बोलण्याचं मला कधी कौतुक वाटलं नाही. भरभर तर आमच्या स्टँडवरचा कंट्रोलरही बोलतो. टिकलेल्या अल्बममधला माणूस तुम्हाला आपल्या वाडीची ओळख करून देत बसत नाही. तो आपल्या माणसांशी बोलत असतो, तुम्ही बाजूला उभं राहून ऐकायचं, कळलं तर कळलं. आणि कितीतरी अल्बममध्ये मधेच कोणाच्या तरी आईचा आवाज येतो. फोनवर रागावलेली, जेवायला हाक मारणारी. तेवढा तुकडा मी मागे नेऊन परत परत ऐकायचे. कधीतरी आपला अल्बम करायचा आणि त्यात आईला घ्यायचं, हे मी त्या दुकानात बसूनच ठरवलं होतं. बोलायला नाही, गायला. जयंतीला आमच्या विहारात आई गाते. माईक बिघडला तरी तिचं कोणाला अडत नाही, रस्त्यावरून जाणारी माणसं थांबतात. माझ्याकडे जो काही ताल-सूर आहे तो तिच्याकडून आला आहे.

निनाद मला रत्नागिरीच्या एका स्पर्धेत भेटला. तो परीक्षक होता, मला नंबर मिळाला नाही. पण नंतर शोधत आला आणि म्हणाला, "तू इथली सगळ्यात खरी आहेस. तुझा अल्बम मी करतो." पुण्यात वाढलेला मुलगा. मालगुंडच्या बाजूला त्यांची आंब्याची बाग आणि जुनं घर. जिथे पूर्वी आंबे पिकायला गवतात घालत, त्या आढीच्या खोलीत त्याने स्टुडिओ केला होता. भिंतींना गाद्या लावलेल्या. तो मला शेजारी बसवून जेवायचा, माझं ताट उचलायचा, माझ्या चुका न हसता सांगायचा. मी दुकान सोडलं. वर्षभर आठवड्यातून दोनदा सावर्डे ते रत्नागिरी, रत्नागिरी ते मालगुंड, एसटीने. आठ गाणी झाली. सगळी त्याच्या कॉम्प्युटरमध्ये. वाडीत सगळ्यांना सांगून बसले होते. घरी स्थळं यायची, मी म्हणायचे, अल्बम होऊ दे. सव्वीस वर्षांची झाले होते आणि माझ्याकडे त्या आठ गाण्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

परक्या घरात मी एकटी जाते म्हणून एकदा आई सोबत आली. पडवीत बसून राहिली. चहा झाल्यावर रिकामा कप धुवून घेऊन आमच्या खोलीच्या दारात आली आणि निनादला विचारलं. माईक चालू होता. मी म्हणाले, "ठेव गं कुठेही," आणि वैतागले, कारण माझा टेक फुकट गेला होता. निनादने तो टेक फुकट घालवला नव्हता, हे मला तिसऱ्या गाण्यातच कळलं.

तर त्या दुपारी निनादच्या मित्रमंडळींना त्या खोलीत सगळी गाणी ऐकवून झाली. सगळे माझ्याशी हात मिळवत होते. एकजण आईला म्हणाला, "काकू, तुम्ही स्टार होणार." आम्ही निघालो. रत्नागिरी स्टँडवर चिपळूणच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी आईला विचारलं, तू कुणाच्याही घरी गेलीस की हे का विचारतेस. शाळेतल्या बाईंच्या घरी विचारायची, लग्नघरात विचारायची, माझ्या मैत्रिणींकडेही. लहानपणापासून ऐकत आले होते. मला वाटायचं ही तिची रीत, नीटनेटकेपणा.

आई म्हणाली, "इच्यारलेलं बरं असतं, गो."

"पण का?"

तिने समोरच्या गाडीची पाटी वाचली. मग म्हणाली, "मी सात-आठ वर्साची असेन. आंब्याच्या दिवसांत आई मला घेऊन खोतांकडं जायची, पेट्या भरायला. आमचे कप वेगळे. भाईरच्या भिंतीत कोनाडा व्हता, धुवून थितं पालथे ठेवायचे. एक दिवस मी इसरले नि वट्यावर ठेवला. खोतीण भाईर आली. ओरडली नाय. काठीनं कप ढकललान, खाली पडून फुटला. नि आईला म्हणाली, पोरीला शिकव. आईनं मला थितंच मारलान. सगळ्या बायकांसमोर. तेवापासनं इच्यारते. तोंडातनं आपसूक येतंय."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. मी म्हणाले, "मग आज हसलीस कशाला?"

"तुजं नाव व्हतंय ना. हसले लोक तर हसूं देत. माजं काय जातंय?"

गाडीत ती झोपली. मी जागी होते. माझ्या कानात तो ठोका वाजत होता आणि मला तो आवडत होता, हे सगळ्यात वाईट. चांगला ठोका होता. आईचा "ठे" बरोबर जागेवर पडत होता. चार दिवसांनी अल्बम नेटवर जाणार होता. लग्नात वाजला असता. गणपतीत वाजला असता. आमच्या वाडीतली पोरंही त्यावर नाचली असती.

दुसऱ्या दिवशी एकटीच मालगुंडला गेले. निनादला म्हणाले, "तिसऱ्या गाण्यातला आईचा आवाज काढ."

"का? आईंना तर आवडलं. हसल्या त्या."

मग मी त्याला सगळं सांगितलं. कोनाडा, काठी, आजीने मारलेलं. त्याचे डोळे भरून आले. खरंच आले, नाटक नव्हतं. मला वाटलं, कळलं ह्याला. माझ्या अंगातला ताण उतरला.

तो म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस? हे सोनं आहे."

त्याने खुर्ची माझ्याकडे ओढली.

"परवा आईंना घेऊन ये. हे जसंच्या तसं बोलू देत, काही शिकवू नकोस. आपण ते शेवटी टाकू. आधी सगळे त्या आवाजावर नाचतील, आणि शेवटी त्यांना कळेल आपण कशावर नाचलो. असेच अल्बम क्लासिक होतात."

खोटं सांगत नाही. माझ्या अंगावर काटा आला. कल्पना भारी होती. आठ वर्षं मी अशाच जागा शोधत अल्बम ऐकले होते. शेवटचं गाणं मला तिथल्या तिथे ऐकू आलं, ठोका नाही, वाद्य नाही, नुसती आई. माझं नाव कुठवर गेलं असतं तेही दिसलं. मी हो म्हणणार होते. तोंड उघडलं होतं.

मग लक्षात आलं की आईला हे चालेल का, असं त्याने विचारलंच नाही. ती बाई त्याच्या पडवीत येऊन बसली होती, वर्षभर माझ्या तोंडून तिचं ऐकत होता. ती गाते का, हेही त्याने कधी विचारलं नाही. मी दोनदा सांगितलं होतं, तो "बघू" म्हणाला होता. तिच्या सगळ्या आवाजातून त्याला तेवढंच वाक्य सापडलं. आता दर वेळी गाणं लागलं की लोक आधी तिला हसणार, मग तिच्यासाठी हळहळणार. दोन्ही वेळा उघडी पडणार ती. हसणारे तसेच राहणार, वर आपण किती हळवे म्हणून स्वतःवर खूश होणार.

मी म्हणाले, "नाही."

"तुला कळतंय का तू काय सोडतेयस?"

"कळतंय. तो आवाज पूस. माझ्यासमोर पूस."

"मग मला हा अल्बम करायचा नाही. बीट माझे आहेत, रेकॉर्डिंग माझं आहे. तू तुझी वही घेऊन जा."

"पूस."

तो म्हणाला मी मनाला लावून घेतेय. म्हणाला, त्याच्या घरात कधी कोणी त्या खोतिणीसारखं वागलं नाही. म्हणाला, अशाने तुमच्यातलं कोणी कधी पुढे जायचं नाही. 'तुमच्यातलं' हा शब्द वर्षभरात त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला. मी त्याच्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले आणि उठले नाही. दीड-दोन तास बसले असेन. घरातली कामवाली दोनदा डोकावून गेली. शेवटी त्याने माझ्या खांद्यावरून हात घालून ती फाईल काढून टाकली. अजून कुठे ठेवली आहे का, मला माहीत नाही. असेलही.

घरी येऊन सांगितलं. वाटलं, आई जवळ घेईल. आई भडकली.

"कुणाला इच्यारून सोडलंस? वर्सभर मर मर मेलीस नि माज्या नावावर सोडून आलीस? मी सांगितलं व्हतं? माजा आवाज व्हता ना? मग मला इच्यारायचंस."

बरोबर होतं तिचं. निनादने विचारलं नव्हतं तसं मीही विचारलं नव्हतं, ठेक्यावर मान हलवतानाही नाही आणि सोडतानाही नाही. आम्ही दोघांनी तिचा आवाज तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे फेकला होता. पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ते पाच दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. विहिरीवर जायला माझी मलाच भीती वाटायची, एवढं सांगते.

आता मी पुन्हा शून्यावर आहे. झेरॉक्सच्या दुकानात दुसरी मुलगी लागली. माझ्याकडे वही आहे आणि मोबाईल आहे. माझी आठही गाणी मालगुंडच्या त्या खोलीत आहेत आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकू आली तरी मी काही सिद्ध करू शकणार नाही. लोक विचारतात, अल्बमचं काय झालं. मी सांगते, नाही झाला.

हे लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवलं. तिने दोन गोष्टी खोडायला लावल्या. एक माझ्या मते ह्यातली सगळ्यात चांगली होती. मी खोडली.

यापुढे असंच चालेल. माझ्या गाण्यात आमचं माणूस येईल ते त्याला विचारून, त्याला हवं तेवढंच बोलत. ते नको म्हणालं की ते गाणं मी फाडून टाकणार, मग ते कितीही टिकणारं असो. आणि न विचारता उचललेला आमचा आवाज जिथे वाजेल तिथे मी जाऊन तो बंद पाडणार. भरल्या हॉलमध्ये, लोक नाचत असताना, गाण्यावर माझंच नाव असलं तरी.