शुभेच्छुकांच्या रांगेत अजित

भोईवाड्यातल्या चाळीच्या तोंडाशी बोर्ड चढत होता. वर बाबासाहेब, मधोमध बुद्धभूषणचा हसरा फोटो, 'बढतीबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांची रांग. बोर्ड अजितने केला होता, शिडीवरही तोच होता. भूषणला वाटलं, आल्या पावली मागे फिरावं.

दोघे एकाच मजल्यावर वाढलेले. भूषण शिकून डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बड्या कंपनीत लागला. अजित करी रोडला फ्लेक्सच्या दुकानात बसतो. फ्लेक्सवाल्याची खरी डोकेदुखी म्हणजे खालची मुंडकी. कुणी लग्नातला फोटो पाठवतो, कुणी आधारकार्डावरचा, आणि एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा तसूभर मोठं दिसलं की दुकानात भांडण. अजितने वैतागून त्यासाठी प्लगइन लिहिलं, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला बाहेरून लावायची जोड. फोटो टाका, सगळी डोकी एका मापाची होऊन नावांसकट ओळीत बसतात. त्याने ते फुकट वाटलं, आणि बघता बघता परदेशातली मंडळीही वापरू लागली.

मग कंपनीने ठरवलं, लोकांच्या आवडीची अशी प्लगइनं थेट सॉफ्टवेअरच्या आतच घ्यायची. अजितचं प्लगइन भूषणनेच सुचवलं. इथपर्यंत त्याची मान ताठ होती. पुढे मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, बनवणाऱ्याचं नाव कुठे द्यायचं का? भूषणची बढती तोंडावर आली होती, उगाच वाद नको म्हणून तो बोलून गेला, "नको, माझा मित्रच आहे तो." दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला काय जातं? बढती झाली. इकडे अजित बिचारा धरून चालला होता, की सॉफ्टवेअरमध्ये आपलं नाव येईल आणि ते दाखवून एखाद्या धड ऑफिसात नोकरी मागता येईल.

"आलास? जय भीम," अजित वरून म्हणाला. "फोटो तुझ्या ऑफिसच्या साइटवरून उचलला. चालेल ना?"

भूषणने खालची रांग पाहिली. अजितचा चेहरा शेवटून दुसरा होता, बाकीच्यांएवढाच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अज्या, खाली ये जरा. तुझं नाव नाहीये त्या सॉफ्टवेअरमध्ये. मला विचारलं होतं त्यांनी. मीच नको म्हणालो."

अजित खाली आला नाही. "अपडेट आला तेव्हाच बघितलं मी," तो गाठ मारत म्हणाला. "सगळे मेनू उघडून शोधलं. मला वाटलं, तू भांडला असशील, त्यांनी ऐकलं नसेल."

भूषणने विचारलं, "मग हा बोर्ड कशाला लावतोस?"

"आई अख्ख्या चाळीला सांगून बसलीय, भूषणने माझ्या पोराचं काम वर नेलं म्हणून. तिला आता काय सांगू नको." त्याने दोरीचं टोक खाली सोडलं. "ही धर. दोन्ही हातांनी ओढून धर, ढिली सोडू नको."

भूषणने दोरी धरली. तेवढ्यात अजितची आई, जाईबाई, पेढ्यांचा पुडा घेऊन जिन्यावरून उतरली. भूषणचे हात अडकलेले बघून तिने स्वतःच पेढा त्याच्या तोंडात घातला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. "माझ्या अजितला विसरला नाहीस रे," ती म्हणाली. पेढा त्याला गिळवेना. ती समोर उभी राहून, तो कधी खातो याची वाट बघत होती.